सरकारच्या खर्चानं सरकारशी भांडणारा पिराजी

पिराजी आणि स्टोव्ह यांच्यात फरक एवढाच, की स्टोव्हला पंप मारावा लागायचा. पिराजीला लागायचा नाही. सकाळी सायकल काढली की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते संध्याकाळी बायडाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ताट पुढं सरकवेपर्यंत. ताट आल्यावर घास आणि बोलणं आळीपाळीनं चालायचं. बायडाबाई म्हणायची, "जेवताना तरी गप बसा, आमटीला बी कान आल्यात."

आमचं गाव हातकणंगले तालुक्यातलं. मी आणि पिराजी एकाच गुरुजींच्या छडीखाली वाढलो. मी रेटत रेटत सातवी गाठली. त्यानं चौथीतच रामराम ठोकला. गुरुजींनी कारण विचारलं तर म्हणाला, "गुर्जी, तुमी बी बोलताय, मी बी बोलतोय. ऐकायचं कुनी?" गुरुजी हसले आणि त्यांनी पाटी परत दिली. असा हा प्राणी.

धंदा स्टोव्ह दुरुस्तीचा. नव्वदच्या सालांत गॅस म्हणजे शहरातल्या लोकांची चैन. आमच्याकडं चूल, नाहीतर पंपाचा पितळी स्टोव्ह. पिराजीच्या सायकलीला मागं लाकडी पेटी, तिच्यात पिना, वायसर, बर्नर. "इस्टोऽऽ रिपेरीऽऽ" अशी हाळी दिली की बाया परसदारी स्टोव्ह घेऊन यायच्या. एक बर्नर साफ होईपर्यंत त्याला सगळं कळायचं. गोडं तेल काय भावानं आणलं, रेशनला रॉकेल आलं का, कुणाची पोर शाळेतनं काढली, नर्सबाई कधीपासून फिरकली नाही. तो कुणाला मुद्दाम विचारायचा नाही. बायका आपणच सांगायच्या. स्टोव्ह बंद पडलेली बाई काय गप बसती व्हय?

बरं, हे झालं दिवसाचं. संध्याकाळी आमचा फड बसायचा बिरोबाच्या देवळात. लोकनाट्याचा छोटा फड, पाच-सहा जणांचा. शाहीर राजशेखरअण्णा. लिंगायत माणूस, गावात किराणा दुकान, आवाज असा की दुकानातनं दिलेली हाक स्टँडवर ऐकू जावी. ढोलकीवर गैबी. त्याच्या हातांत काय होतं देव जाणे, नुसतं मोकळ्या डब्यावर थाप मारली तरी म्हातारी माणसं मान डोलवायची. तुणतुणं माझ्याकडं. आणि सोंगाड्या पिराजी.

आमच्या फडाची एक रीत होती. जुन्या शाहिरांपासून चालत आलेली. वगात शाहीर आणि सोंगाड्या यांचा वाद लागला, की सोंगाड्यानं आपल्या मनानं हरायचं नाही. त्यानं लोकांकडं वळायचं, कमरेवर हात ठेवायचा आणि कौल घ्यायचा. "काय मंडळी, पटलं का?" लोक "पटलं" म्हणाले तरच त्यानं शाहिराच्या हातात हात द्यायचा. "न्हाय" म्हणाले तर शाहिरानं पुन्हा बोलायचं. कोल्हापूरकडचे लोक आम्ही, नुरा कुस्ती आम्हाला लांबनं कळते. दोन पैलवान आतनं ठरवून आलेत असं वाटलं की मैदानात टोप्या उडतात. तसंच हे.

पण त्या सालांत फडाचे दिवस फिरले. जत्रांना ऑर्केस्ट्रा यायला लागला, कुठं पडद्यावर व्हिडिओ. वर्षाकाठी एखादी सुपारी आली तर आली. पिराजीची अवस्था वाईट झाली. स्टोव्ह उघडून तो तासतास नुसता बघत बसायचा. बायडाबाई मला म्हणाली, "भावजी, ह्येंना कुटंतरी स्टेजवर चढवा की. घरात सोंग करायलेत. काल माज्या आईची नक्कल केली, तीबी आई समोर बसलेली असताना."

आणि तेवढ्यात सरकार धावून आलं! खरंच सांगतो. माहिती खात्यानं कलापथकांची यादी केली होती. सरकारनं काय काय केलं हे गावोगाव लोकनाट्यातनं सांगायचं. राजशेखरअण्णांनी खटपट केली आणि आमचं नाव त्या यादीत लागलं. पिराजीनं ही बातमी स्टोव्हच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. "आता आमी सरकारी सोंगाडे. वायसर बदलायचा तर अर्ज करा."

खात्याचे साहेब इंगवले म्हणून होते. चष्मा, सफारी, बोलणं मवाळ. त्यांनी टाइप केलेला वग दिला. त्यात शाहीर म्हणजे सरकार आणि सोंगाड्या म्हणजे अडाणी गावकरी. गावकऱ्यानं तक्रार करायची, महागाई वाढली, दवाखाना लांब आहे, पोरं शाळेत जात नाहीत. सरकारनं एकेक उत्तर द्यायचं. शेवटी गावकऱ्यानं म्हणायचं, "आज माझे डोळे उघडले."

मी वाचून दाखवत होतो, पिराजी ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "ह्यो गडी लईच लवकर पटतोय की रं. ह्येला बायको हाय का न्हाय?"

राजशेखरअण्णा म्हणाले, "पिराजी, हे बघ, जे लिहिलंय ते म्हण. ह्ये गेलं तर फड गेला. मग तू बस परसदारी पिना घालत."

पिराजीनं मान डोलवली. ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

पहिले दोन-तीन कार्यक्रम बरे झाले. कौल पिराजी घ्यायचाच, पण लोक "पटलं" म्हणायचे, कारण सांगितलेलं होतंही खरं. पोरींना फी नव्हती. शाळेतनं महिन्याला तांदूळ मिळत होते, पोरं पिशव्या घेऊन जायची हे सगळ्या आयांना माहीत होतं. पोलिओचे थेंब तर घरात शिरून पाजत होते. मग शिरोळ तालुक्यात हरणवाडीला कार्यक्रम लागला. बाजाराचा दिवस, दुपारची वेळ. त्या दिवाळीच्या आगंमागं कांदा सोन्याच्या भावाला भिडला होता, तेल-डाळ त्याच्या मागोमाग. आणि नेमके त्याच दिवशी इंगवले साहेब आमचं काम बघायला आले. पुढं खुर्ची टाकून बसले.

गैबीनं थाप मारली तसा सगळा बाजार गोळा झाला. पुढच्या ओळीत नीलम्मा नावाची म्हातारी. हरणवाडीत तिला सगळे अव्वा, म्हणजे कन्नडमध्ये आई, म्हणत. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. भाजीची पाटी शेजारी ठेवून ती ऐसपैस बसली.

अण्णांनी आधी शाळेचं सांगितलं. पिराजीनं कौल घेतला. "पटलंऽऽ!" थेंबांचं सांगितलं. "पटलंऽऽ!" मग महागाई आली. अण्णा म्हणाले, "अरे गावकऱ्या, सरकारनं रेशनवर भाव बांधून दिलेत. बाजारात भाव चढला तर त्यात सरकारचा काय दोष? साठेबाज व्यापारी माल दडवतो!"

बाजाराला आलेला आमच्या गावाकडचा कुणीतरी मागनं ओरडला, "आवं, सरकार सोताच वाणी हाय की! ह्येंच्या दुकानात बघा, तेल काय भावानं देत्यात!"

असा हशा झाला की अण्णांचा फेटा सरकला. पण शाहीर पक्का. म्हणाले, "व्हय, वाणी हाय. म्हणूनच सांगतो. मी बी महागच आनतो, पावणं!" लोक आणखी हसले. निम्मे "पटलं" म्हणाले, निम्मे "न्हाय". पिराजीनं तो सवाल तसाच पुढं ढकलला. आणि मग आला दवाखाना.

"सरकारनं आरोग्य उपकेंद्र तुझ्या दारात आणलं!" अण्णा हात पसरून म्हणाले.

मग बायका हसायला लागल्या. आधी खुसुखुसु, मग पदर तोंडावर धरून. आम्हाला कळेना. नीलम्मा उठली आणि पिराजीला म्हणाली, "तम्मा, तुज्या त्या सरकारला इचार, किल्ली कुनाकडं हाय? वरांड्यात माज्या मिरच्या वाळायल्यात. बांधून झाल्यापासनं दार उगडल्यालं न्हाय."

तम्मा म्हणजे त्यांच्या बोलीत धाकटा भाऊ. भावानं बहिणीचं ऐकायलाच पाहिजे. पिराजी अण्णांकडं वळला. "सरकार, किल्ली कुनाकडं हाय?"

टाइप केलेल्या वगात किल्ली नव्हती. अण्णा म्हणाले, "गावकऱ्या, विकासाला वेळ लागतो."

"काय मंडळी, पटलं का?"

"न्हाऽऽय!"

अण्णांनी दुसरं सांगून बघितलं. "न्हाऽऽय!" तिसरं. "न्हाऽऽय!" अण्णा घामानं भिजले. ढोलकीच्या आडनं म्हणाले, "पिराजी, पटलं म्हन आनि हात दे लवकर." पिराजीचा हात पुढं येईना. फड जाणार हे त्याला दिसत होतं. पण समोर बाजार बसला होता, आणि लोकांनी "न्हाय" म्हटल्यावर हात दिलेला सोंगाड्या आमच्याकडं जन्माला आलेला नव्हता.

शेवटी इंगवले साहेब काळजीनं खुर्चीवरनं उठले आणि स्टेजवर आले. कार्यक्रम आवरता घ्या म्हणून सांगायला आले बिचारे. पण लोकांना वाटलं, वगातलंच पात्र आलं! सफारी, चष्मा, हातात फाइल. सोंग एकदम झकास. टाळ्या पडल्या. नीलम्मा म्हणाली, "हां, ह्यो खरा सरकार दिसतोय. तूच सांग, किल्ली कुटं हाय?"

साहेब गोंधळून म्हणाले, "आजी, ते आरोग्य खातं. माझं खातं वेगळं आहे."

काय सांगू तुम्हाला! शिट्ट्या, टोप्या, पोत्यावर बसलेले लोक उलटे पडले. असा विनोद त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. "आवं, काय नट आनलाय! डिट्टो हापिसर!" कुणीतरी साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. गैबीनं प्रसंग ओळखून शेवटच्या भैरवीचा ठेका धरला आणि कसंतरी आवरलं.

कार्यक्रमानंतर चहाच्या टपरीवर बसलो. अण्णा पिराजीशी बोलेनात. पिराजी एका बाईचा स्टोव्ह मांडीवर घेऊन पिन फिरवत बसला. साहेब आले. गळ्यात हार तसाच. आम्ही उठलो.

"मला वर लिहायचं आहे," ते म्हणाले. "लोक उठून गेले का, असं विचारतात. बाकीच्या पथकांचे लोक उठून जातात. तुमचे शेवटपर्यंत बसले. ते मी लिहीन. पण हे विचारणं बंद करा. लोकांना विचारायचं नाही."

पिराजी स्टोव्हकडं बघत म्हणाला, "सायेब, मग दुसरा सोंगाड्या बगा."

अण्णा इतका वेळ धुमसत होते. मला वाटलं, आता म्हणतील, बघतोच. पण ते म्हणाले, "सोंगाड्या दुसरा बगायचा, तर शाहीर बी दुसरा बगा सायेब." आणि चहाचा कप खाली ठेवला. मग लगेच म्हणाले, "ह्येच्याशी मी बोलत न्हाय हां. ते येगळं."

साहेब हार चिवडायला लागले. मग गैबी बोलला. ढोलकी सोडून तो फार कमी बोलायचा. म्हणाला, "सायेब, लिव्हलेल्यातलं थोडं गाळलं तर चालतंय का?"

"गाळलेलं चालेल," साहेब म्हणाले. "वरनं काही घालायचं नाही."

"मग झालं की. जिथं जे हाय, तिथं तेवडंच गाऊ. न्हाय ते गायचंच न्हाय. मग लोक न्हाय कशाला म्हणतील?"

साहेब हसले. "एक वर्ष बघू. पुढच्या वर्षी हरणवाडीलाच या, मी असेन. तिथं पुन्हा असा गोंधळ झाला तर नाव यादीतनं जाईल, ते माझ्या हातात राहणार नाही."

अशी सुरू झाली आमची नवी पद्धत. कार्यक्रमाच्या आधी पिराजी त्या गावात सायकल घेऊन जायचा, चार स्टोव्ह नीट करायचा आणि येऊन सांगायचा. "शाळेचं छप्पर झालंय, गावा. रेशन बरं हाय, गावा. नर्स येत न्हाय, तेवडं गाळा." अण्णा तेवढंच गायचे. पण त्यातनं झालं भलतंच. लोक हुशार. दुसऱ्या गावात दवाखान्याचं गाणं ऐकलेले पाहुणे आमच्या कार्यक्रमाला आले, की विचारायचे, "हितं ते गानं का न्हाय म्हटलं?" आणि गावचे लोक सरपंचाकडं बघायचे! एका गावात तर पिराजीची सायकल वेशीत दिसल्याबरोबर सरपंचानं उपकेंद्राला चुना लावायला घेतला. ग्रामसेवक धावत आला, "पिराजीराव, दोन दिवस थांबून स्टोव्ह बघा की." पिराजी म्हणाला, "स्टोव्ह काय थांबतोय व्हय? भात अर्धा कच्चा हाय." पण थांबला. चुना वाळेपर्यंत सरपंचाकडं चहा प्याला.

आता ते काहीच उरलं नाही. पुढं गावात गॅस आला, पितळी स्टोव्ह मोडीत गेले. कागलला कारखाने उभे राहिले, गैबीचा पोरगा मोहसीन तिथं कामाला लागला. सरकारही आता टीव्हीवरनं बोलतं, आणि टीव्हीला "न्हाय" म्हणून उपयोग नाही. पिराजी आणि बायडाबाई दोघंही गेली. पण डोळे मिटले की मला तो हरणवाडीचा दुसरा कार्यक्रम दिसतो.

त्याही वेळी बाजारच होता. साहेब खुर्चीवर होते. पिराजी आदल्या आठवड्यात जाऊन आला होता, म्हणाला होता, दाराला कुलूप तसंच आहे. तेव्हा दवाखाना गाळायचा असं ठरलं. शाळा झाली, थेंब झाले, अण्णा महागाईकडं वळणार तेवढ्यात नीलम्मा उठली.

"तम्मा, दवाखान्याचं गानं म्हन."

पिराजी म्हणाला, "अव्वा, ते ह्या गावाला न्हाय."

"का न्हाय? दार उगडलं की! सोमवारपासनं नर्सबाई आलीया."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. अण्णांचा चेहरा उजळला, त्यांनी सूर लावला, "उपकेंद्र तुझ्या दारात—"

पिराजीनं हात वर केला. "थांबा सरकार. मी बगितल्याबिगर न्हाय."

आणि तो स्टेजवरनं खाली उतरला! चालू कार्यक्रमात! अण्णा ओरडले, "पिराज्या, कुटं निगालास? सायेब बसल्यात!" मी साहेबांकडं बघितलं, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आमचं नाव यादीतनं पुसलं जाताना मला तिथंच दिसलं. पण पिराजी चालू लागला, त्याच्या मागं नीलम्मा, तिच्या मागं अख्खा बाजार. मग आम्ही तरी मागं का राहावं? गैबी वाजवत, मी तुणतुणं ताणत, अण्णा फेटा सावरत. साहेबही आले, फाइल काखेत मारून.

उपकेंद्राचं दार खरंच उघडं होतं. वरांड्यात मिरच्या नव्हत्या. आत पाट्या, तराजू, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र. अण्णांनी पायरीवर उभं राहून पुन्हा सूर लावला, गैबीनं थाप मारली, आणि आतनं एक तरुण नर्सबाई धावत बाहेर आली. तिचं नाव विद्याश्री, हे मागनं कळलं.

"अहो, काय चाललंय? बंद करा ते! आत बाळंतीण आहे, आत्ता कुठं बाळ झोपलंय."

गैबीचा हात ढोलकीवर तसाच थांबला. अण्णांनी तोंड उघडं ठेवूनच गाणं आत ओढलं. पिराजी खिडकीशी गेला. आत खाटेवर एक पोरगी पाय पोटाशी घेऊन निजलेली, शेजारी दुपट्यात मुटकुळं. त्यानं बराच वेळ बघितलं. मग तो लोकांकडं वळला, कमरेवर हात ठेवला आणि असं हळू विचारलं की मागच्यांना ओठांवरनंच कळलं.

"काय मंडळी, पटलं का?"

सगळा बाजार, दीडदोनशे माणूस, एकदम कुजबुजलं, "पटलं."

पिराजीनं अण्णांच्या हातात हात दिला. नर्सबाईनं बोट ओठांवर ठेवलं होतं, तशीच ती हसली. साहेबांनी चप्पल काढून हातात घेतली आणि सगळ्यांच्या आधी चवड्यांवर पायऱ्या उतरले.

आमचं नाव यादीत राहिलं. कार्यक्रम बाजारात परत येऊन पुढं सुरू झाला, कारण महागाई राहिली होती ना! तिच्यावर अंधार पडेपर्यंत वाद चालला आणि कौल काही लागला नाही. शेवटी नीलम्मानं पाटी डोक्यावर घेतली आणि अण्णांना विचारलं, "सरकार, ते ऱ्हाऊ दे. पर डाळ कवा सस्ती हुनार, ते तरी सांग."

अण्णा फेटा सोडत होते. म्हणाले, "अव्वा, फेटा काडला, आता मी सरकार न्हाय. वाणी हाय. आनि वाण्याला ते इचारू नगंस."